वेळापत्रकातला कोरा रकाना

सांगलीच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. ते बरेच मोठे असल्याने त्याचा गाभा तेवढा इथे देत आहे.

“आम्ही दोन जोडपी, सगळे पंचावन्न ते बासष्ट या वयातले, सप्टेंबरमध्ये बावीस दिवसांसाठी मध्य आशियात जाणार आहोत. अल्माटीला विमानाने उतरायचे आणि तिथून पुढे सगळा प्रवास जमिनीवरून करायचा, असे ठरले आहे : बिश्केक, ओश, पामीर महामार्गाने सारी-ताश, काराकुल, मुरगाब, लांगर, इश्काशिम, खोरोग, मग दुशान्बे, समरकंद, बुखारा, खिवा आणि ताश्कंदहून परत. वेळापत्रक माझ्या यजमानांनी केले आहे. त्यात दररोज काही ना काही आहे. नुसते बसायचे असा एकही दिवस नाही. मी म्हटले की मध्ये एक-दोन दिवस मोकळे ठेवा, तर ते म्हणतात की विश्रांती घ्यायला घर आहे, माणशी एवढे पैसे भरून तिथे खोलीत झोपायला जायचे का. बरोबरच्या वहिनींना रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि त्यांनाही माझ्यासारखेच वाटते, पण त्या बोलत नाहीत. माझे चुकते आहे का? आणि चुकत नसेल तर मोकळा दिवस नेमका कुठे ठेवावा?”

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे चुकत नाही. तुमच्या यजमानांचा मुद्दाही मी उडवून लावणार नाही, कारण जन्मात एकदाच होणाऱ्या प्रवासात दिवस वाया जाऊ नये असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि ज्या काळजीने त्यांनी एकवीस रात्रींचा हिशेब बसवला आहे ती काळजी सगळ्यांकडे नसते. मात्र तुमच्या मार्गावर कोऱ्या दिवसाचा प्रश्न हौसेचा किंवा आळसाचा नाही. निम्मा प्रश्न उंचीचा आहे आणि निम्मा रस्त्याचा, त्यामुळे “कुठे ठेवावा” याचे उत्तर बऱ्याच अंशी नकाशाच देतो. थकवा येईल तिथे थांबू, असे मोघम ठरवून या रस्त्यावर भागत नाही, कारण थकवा जिथे येतो ती जागा थांबण्यासाठी बहुधा सर्वांत वाईट असते.

आधी उंची पाहू. ओश सुमारे एक हजार मीटरवर आहे. तिथून सारी-ताश साधारण १८५ किलोमीटर, पण उंची ३,१७० मीटर. म्हणजे सकाळी नाश्ता करून निघालात तर दुपारपर्यंत तुम्ही दोन हजार मीटरहून अधिक वर चढलेल्या असाल. तुमच्या वेळापत्रकाप्रमाणे दुसऱ्याच दिवशी ४,२८० मीटर उंचीच्या किझिल-आर्ट खिंडीतून किर्गिझस्तान-ताजिकिस्तान सीमा ओलांडून काराकुल सरोवराकाठी मुक्काम आहे, जो ३,९०० मीटरच्याही वर आहे, आणि त्यानंतर ४,६५५ मीटरची अक-बायताल खिंड ओलांडून मुरगाब. उंचीवरच्या आजारांचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांचा सर्वसाधारण संकेत असा आहे की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. यात दिवसभरात किती वर गेलो याला कमी आणि रात्री कुठे झोपलो याला जास्त महत्त्व आहे. सारी-ताशहून काराकुलला झोपायला गेलात तर ही वाढ साडेसातशे मीटरच्या घरात जाते. तेच काराकुलला जेवणापुरते थांबून त्याच दिवशी मुरगाब गाठलेत, तर मुरगाब सुमारे ३,६०० मीटरवर असल्याने झोपेची उंची साडेचारशे मीटरच्या आसपासच वाढते. तेव्हा माझी पहिली सूचना काराकुलची रात्र काढून टाकण्याची आहे. सरोवर जाताना रस्त्यावरूनच दिसते आणि त्याचा निळा रंग दुपारीच अधिक चांगला दिसतो, हे तुमच्या यजमानांना मुद्दाम सांगावे.

वाचलेली ती रात्र सारी-ताशला द्या, म्हणजे तिथे सलग दोन रात्री राहा. हा दिवस मात्र खऱ्या अर्थाने आरामाचा नाही, आणि तसा समज करून घेतलात तर निराशा होईल. सारी-ताश हे दोन-तीन रस्ते जिथे मिळतात तिथे वसलेले छोटे गाव आहे. मुक्काम कुणाच्या तरी घरी, संडास अंगणाच्या टोकाला, शेगडीत वाळलेल्या शेणाच्या गोवऱ्या, आणि सप्टेंबरातही रात्री अशी थंडी की बाहेर जाण्याचा विचार तीनदा पुढे ढकलला जातो. इथे शरीराला विरळ हवेची सवय व्हावी एवढाच हेतू आहे. त्यासाठी दिवसभर पांघरुणात पडून राहण्यापेक्षा सावकाश हिंडणे चांगले. गावाबाहेर थोडे चालत गेलात की दक्षिणेला आलाय खोऱ्याचे पठार आणि त्यापलीकडे ट्रान्स-आलायची पांढरी रांग दिसते. गाडी हाताशी असेल तर पश्चिमेला सारी-मोगोल गावावरून तुलपार-कुलच्या तळ्यांपर्यंत जाऊन यावे. ती साधारण साडेतीन हजार मीटरवर आहेत, समोर ७,१३४ मीटरचे लेनिन शिखर उभे असते, आणि दिवसा थोडे वर जाऊन रात्री खाली झोपायला परतणे शरीराला मानवते. शिवाय यजमानांचा रकानाही भरतो. यात थोडी लबाडी आहे, पण ती सत्कारणी लागते.

“थांबायचेच तर मुरगाबलाच का थांबू नये, तेही गावच आहे,” असा प्रश्न घरात निघेल, म्हणून त्याचे उत्तर आधीच देतो. मुरगाबहून खाली उतरायचे तर आधी वर चढावे लागते. उत्तरेला अक-बायताल आहे, आणि खोरोगच्या दिशेला ४,१३७ मीटरची नैझाताश व तिच्याही पुढे ४,२७१ मीटरची कोइतेझेक. उंचीचा त्रास वाढत चालला तर त्यावरचा खात्रीचा उपाय खाली उतरणे हाच असतो, आणि मुरगाबमध्ये तोच उपाय सहजासहजी हाती लागत नाही. सारी-ताशलाही ओशच्या वाटेवर ३,६१५ मीटरची ताल्दिक खिंड आडवी आहे हे खरे, पण ती गावापासून जवळ आहे आणि ती ओलांडली की रस्ता ओशपर्यंत उतरतच जातो. म्हणून शरीराची परीक्षा जी काही व्हायची ती सारी-ताशला होऊ द्यावी. तिथे दुसऱ्या रात्रीनंतरही कुणाचे डोके ठणकत असेल, अन्नावरची वासना गेली असेल किंवा मळमळ थांबत नसेल, तर पुढे जाऊ नका, आणखी एक दिवस तिथेच काढा. बसल्या जागी धाप लागणे, चालताना तोल जाणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे यांपैकी काहीही दिसले तर दिवस मोजत न बसता, रात्र असली तरी, त्याच तासाला ओशच्या दिशेने निघावे.

तुमच्यापैकी कुणी लेहला विमानाने गेले असेल तर पहिले दोन दिवस हॉटेलातून फारसे बाहेर पडू नका, असे तिथल्या चालकापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळे बजावतात, हे आठवत असेल. मुरगाबची उंची लेहच्या जवळपासच आहे. फरक इतकाच की लेहला बजावणारी माणसे पदोपदी भेटतात आणि सैन्याचे रुग्णालय हाताशी आहे. पामीरमध्ये हे तुमचे तुम्हालाच ठरवावे लागते.

वहिनींच्या रक्तदाबाबद्दल मी औषध सुचवणार नाही. निघण्याच्या महिनाभर आधी त्यांनी आणि खरे तर चौघांनीही आपापल्या डॉक्टरांकडे जावे, कुठल्या रात्री किती मीटरवर झोपणार आहोत हे एका कागदावर लिहून न्यावे आणि उंचीचा त्रास टाळण्यासाठी दिली जाणारी ॲसिटाझोलामाइडची गोळी आपल्याला चालेल का, चालू गोळ्यांशी तिचे जमते का, हे स्पष्ट विचारावे. ज्यांना सल्फाच्या औषधांची ॲलर्जी आहे त्यांनी ती गोष्ट आधी सांगावी. एका दिवसात हजार मीटरवरून एकदम तीन हजारांच्या वर झोपायला जाणे टाळावे असेच सर्वसाधारणपणे सांगितले जाते, आणि तुमच्या मार्गावर ते पूर्ण टाळणे अवघड आहे. म्हणूनच डॉक्टरांना उंचीचे आकडे दाखवायचे.

आता ओश. इथे मी एक रात्र वाढवायला सांगतो आहे, पण उंचीसाठी नव्हे, कारण हजार मीटरवर राहून शरीराला कसलीही सवय होत नाही. ती रात्र बिश्केक-ओश रस्त्यासाठी आहे. हा रस्ता सहाशे किलोमीटरहून मोठा, वाटेत तीन हजार मीटरच्या वरच्या दोन खिंडी, तोक्तोगुल जलाशयाला घातलेला लांबच लांब वळसा, आणि दहा-बारा तास गाडीत बसणे. एवढे झाल्यावर दुसऱ्या सकाळी उठून पामीरकडे निघणे म्हणजे दमलेले शरीर घेऊन चढाला लागणे. ओशमध्ये थांबण्याचे सुख असे की गरजेचे सगळे तिथे मिळते : औषधाची दुकाने, पैसे बदलून देणारे, गरम कपड्यांचा बाजार, आणि भारतीय जेवणही. ओशमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणारे भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने आहेत, त्यात महाराष्ट्रातलेही आहेत, आणि त्यांच्यामुळे वरण-भातासारखे जेवण देणाऱ्या खानावळी तिथे चालतात. पामीरमध्ये शिरण्यापूर्वी पोटाला एक दिवस ओळखीचे अन्न मिळणे याची किंमत पुढे मुरगाबला कळते. संध्याकाळी वाटले तर गावाच्या मधोमध उभ्या असलेल्या सुलैमान-टू डोंगरावर जा. बाबराने तरुणपणी तिथे एक छोटी वास्तू बांधली होती. आज तिथे तिची नव्याने उभारलेली प्रतिकृती आहे. नाही वाटले तर जाऊ नका, डोंगर खालूनही छान दिसतो.

इथवर सांगितलेले दोन्ही दिवस तयारीचे झाले. तुम्ही जो दिवस मागत आहात, म्हणजे ज्या दिवशी गजर लावायचा नाही, बॅग भरायची नाही आणि कुठेही पोहोचायचे नाही, तो मी खोरोगला ठेवतो. खोरोग सुमारे २,१०० मीटरवर आहे, म्हणजे लांगर आणि इश्काशिम करत तुम्ही तिथे पोहोचाल तेव्हा बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागेल. बदख्शानच्या त्या डोंगराळ प्रांताचे ते मुख्य गाव, म्हणून बँका आहेत, एटीएम आहे, दवाखाना आहे, वीज बरी आहे आणि बहुतेक अतिथीगृहांत गरम पाणी येते. गुंत नदी गावातून वाहत जाऊन प्यांज नदीला मिळते आणि प्यांजच्या पलीकडच्या काठावर अफगाणिस्तान आहे. पाहण्यासारखे फार काही नाही, आणि ही त्या गावाची मोठीच सोय आहे. समरकंदला कोरा दिवस ठेवलात तर रेगिस्तानचा चौक खिडकीशी येऊन उभा राहील आणि यजमान बूट घालतील. खोरोगला तो धोका कमी आहे.

धोका कमी असला तरी अजिबात नाही असे नव्हे. तुमचे यजमान नक्की दोन गोष्टी काढतील : गावाजवळच्या टेकडीवरचे वनस्पती उद्यान, जे जगातल्या सर्वांत उंचावरच्या उद्यानांपैकी एक मानले जाते, आणि गर्म-चश्माचे गरम पाण्याचे झरे. झऱ्यांचा फाटा इश्काशिमहून खोरोगला येतानाच रस्त्यात लागतो, म्हणून ते काम आदल्या दिवशी उरकून घ्या; वहिनींनी मात्र रक्तदाब लक्षात घेऊन त्या पाण्यात फार वेळ बसू नये. उद्यानाला ज्याला जायचे आहे त्याने एकट्याने जावे. कोरा दिवस चौघांनी मिळून घालवलाच पाहिजे असे काही नाही. मला तर उलटच वाटते. दोन आठवडे चार माणसे एका गाडीत, एका ताटावर आणि बहुतेक एका खोलीत असतात, आणि अशा वेळी माणसांना झोपेइतकीच एकमेकांपासून चार तासांची सुटी हवी असते, जी मागायला संकोच वाटतो. सकाळचा चहा एकत्र घ्या, रात्रीचे जेवण एकत्र करा, आणि मधल्या वेळात कुणी कुठे जावे याची चौकशी करू नका.

तुमचा स्वतःचा दिवस कसा जाईल याची मी कल्पना करू शकतो. उशिरा उठाल. नाश्त्याला घरची बाई शीरचाय पुढे ठेवील, म्हणजे दुधाचा खारा चहा, वर लोण्याचा गोळा आणि त्यात कुस्करायला नान. पहिल्या दिवशी नको वाटतो, पण थंडीत हळूहळू आवडायला लागतो. मग अंगणात बादली घेऊन धुणे काढा. हवा एवढी कोरडी असते की जाड मोजेही उन्हात दुपारपर्यंत वाळतात. बॅग संपूर्ण रिकामी करून पलंगावर मांडा, कारण आठवडाभर तळाशी हात न गेलेल्या बॅगेत औषधाची पट्टी कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नसते. गोळ्या मोजा, फुटलेली बाटली फेका, पासपोर्ट आणि बदख्शानच्या परवान्याचा कागद पुन्हा एका जागी ठेवा. नखे कापा. घरी फोन करून निवांत बोला. घरची बाई स्वयंपाकघर वापरू देत असेल तर, आणि बहुधा देतात, सांगलीहून नेलेली मुगाची डाळ आणि तांदूळ घालून मऊ खिचडी करा, वर मेतकूट आणि तूप. हॉटेलातल्या मांसाच्या रश्श्याला आणि तेलकट पुलावाला कंटाळलेले पोट एका जेवणात ताळ्यावर येते. कुणाला जुलाब होत असतील तर त्याच दिवशी क्षारसंजीवनी देऊन अंगातले पाणी भरून काढता येते. पुढच्या रस्त्यावर तशी सोय नाही.

हा पुढचा रस्ता खोरोगला थांबण्याचे आणखी एक कारण आहे. खोरोग ते दुशान्बे हे अंतर सहाशे किलोमीटरच्या आसपास आहे, बराचसा भाग प्यांजच्या काठाने, दरडींच्या खालून जातो, आणि दरड कोसळली किंवा रस्त्याचे काम निघाले की वाहतूक तासन्तास थांबते. अख्खा दिवस त्यात जाणार हे धरूनच चालावे. तुमच्या वेळापत्रकात एखादा दिवस सीमेवर किंवा दरडीत गेला तर तो भरून काढायला जागाच नव्हती. किर्गिझ-ताजिक सीमा तर २०२१ च्या संघर्षानंतर काही वर्षे बंदच होती. दोन्ही देशांनी सीमेचा करार मार्च २०२५ मध्ये केला. किझिल-आर्टला दोन्ही चौक्यांच्या मध्ये वीसेक किलोमीटरचा ओसाड पट्टा आहे, त्यामुळे तिथे किती वेळ लागेल हे घड्याळ पाहून सांगता येत नाही. खोरोगचा कोरा दिवस अशा वेळी कामी येतो, आणि तोही संपला तर दुशान्बेच्या दोन रात्रींपैकी एक सोडा.

आता हे दिवस आणायचे कुठून. काराकुलची एक रात्र सारी-ताशला गेली. ओश आणि खोरोगसाठी आणखी दोन हव्यात, आणि त्यासाठी माझा सल्ला खिवा वगळण्याचा आहे. हे वाचून यजमान चिडतील याची मला कल्पना आहे. खिवा सुंदर आहे, यात वाद नाही. पण ते बुखाऱ्यापासून किझिलकुम वाळवंटातून साधारण ४५० किलोमीटर पलीकडे आहे, तिथून ताश्कंद हजार किलोमीटरच्या घरात, आणि पामीर उतरून आलेली माणसे समरकंद व बुखारा पाहून झाल्यावर तिसऱ्या शहरात निळे घुमट पाहतात ते केवळ पाहायचे म्हणून. बुखाऱ्याहून वेगवान रेल्वेगाडीने चारेक तासांत ताश्कंदला येता येते. खिव्याच्या दोन रात्री सोडल्या की हिशेब एकवीस रात्रींवर तंतोतंत बसतो, विमानाचे तिकीट बदलावे लागत नाही, फक्त ताजिकिस्तान आणि उझबेकिस्तानात शिरण्याच्या तारखा दोन दिवस पुढे जातात. तेव्हा व्हिसा काढताना तारखा थोड्या सैल ठेवा म्हणजे झाले.

पैशाची बाजूही त्यांना सांगा, कारण मूळ हरकत तीच आहे. खोरोगला खोली आणि जेवण यांपलीकडे त्या दिवशी फारसा खर्च नाही, उलट खिव्याचा प्रवास, मुक्काम आणि तिकिटे वाचतात. गाडी मात्र भाड्याची असेल तर ती उभी असली तरी चालकाचा दिवस भरतोच. तेव्हा गाडी ठरवतानाच सारी-ताशचा आणि खोरोगचा थांबा लेखी घ्या, थांबलेल्या दिवसाचे किती ते आताच ठरवा, किंवा गाडी खोरोगपर्यंतच घेऊन पुढे दुशान्बेसाठी वेगळी ठरवा. चालकालाही तो दिवस हवाच असतो, आणि दरडीच्या रस्त्यावर झोप झालेला चालक लाभणे हे चौघांच्याही हिताचे आहे.

राहिला वहिनींचा प्रश्न. त्या बोलत नाहीत, कारण ‘माझ्यामुळे सगळे थांबले’ असे व्हायला नको असते. म्हणून हे पत्र यजमानांपुढे ठेवताना त्यांच्या रक्तदाबाचे नाव काढू नका. उंचीचा कागद मधोमध ठेवा, त्यावर झोपेच्या जागा आणि मीटर लिहा, आणि काराकुलचा आकडा यजमानांनाच वाचू द्या. इतक्या काटेकोरपणे वेळापत्रक करणारा माणूस आकड्याशी भांडत बसत नाही. तो रकाने पुन्हा आखायला घेतो, आणि या वेळी त्यांच्या शेजारी तुम्ही बसा.